चौथं बोट

रोज सकाळी पावणेआठला पेन्नम्मा टीचर स्टाफरूमच्या खिडकीत किटली लावायच्या आणि स्टीलच्या दोन पेल्यांत कोरा चहा ओतायच्या. एक स्वतःसाठी. दुसरा कुणासाठी, हे त्यांनाही ठाऊक नसायचं. पण आठची घंटा होईपर्यंत कुणीतरी दाराशी यायचंच. घरच्या आठवणीने डोळे सुजवून घेतलेली पहिल्या वर्षाची मुलगी, वॉर्डात पहिलं मरण पाहून आलेली, पेपरात नापास झालेली, नाहीतर नुसतीच "टीचर, जरा..." म्हणून उंबऱ्यावर थबकणारी. कुणीच आलं नाही, तर निवलेला पेला त्या खिडकीखालच्या कढीपत्त्याला ओतून टाकायच्या. सव्वीस वर्षांत त्या झाडाच्या वाट्याला चहा फार कमी आला.

एक नियम मात्र होता. पेला रिकामा होईपर्यंत विषय काढायचा नाही.

"रडता रडता प्यायलीस तर श्वासनलिकेत जाईल, मोळे," त्या म्हणायच्या. मोळे म्हणजे लेकी; प्रत्येकीला त्या तशीच हाक मारायच्या. "मग तुझं दुःख राहील बाजूला आणि मला तुझी पाठ थोपटत बसावं लागेल."

डोंगरावरच्या त्या मिशनच्या हॉस्पिटलात त्या एकविसाव्या वर्षी नर्स म्हणून आल्या, त्या तिथल्याच झाल्या. हॉस्पिटलच्या मागे नर्सिंगची शाळा, शाळेच्या खाली चर्च, चर्चच्या खाली वेलदोड्याच्या मळ्यात भावाचं घर, तिथंच त्या राहायच्या. भाऊ कुरियाच्चन, भावजय सालम्मा. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "त्या दिवशी ड्यूटी होती. बदलून द्यायला कुणी मिळालं नाही." लोक हसायचे. हसता हसता पुढचं विचारायचं राहून जायचं.

वॉर्ड सोडून त्या शिकवायला का लागल्या, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. सत्तावीस वर्षांच्या असताना मुलांच्या वॉर्डात त्यांच्याबरोबर रोसक्कुट्टी नावाची नर्स होती. नाताळच्या सुट्टीवरून दोघींचा अबोला झाला. आठ दिवस एकीने दुसरीकडे पाहिलं नाही. नवव्या दिवशी झटके येणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलीला रोसक्कुट्टीने झोपेचं इंजेक्शन दिलं आणि लिहायच्या आधीच दुसऱ्या खाटेकडे धावली. कागद कोरा पाहून पेन्नम्माने पुन्हा दिलं. विचारायचं म्हटलं तर आधी बोलावं लागलं असतं. ती मुलगी वाचली. पण दोन दिवस दोघी तिच्या छातीवर आळीपाळीने हात ठेवून श्वास मोजत होत्या, आणि तेव्हाही एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

पुढे एका शिबिरात त्यांनी गटाच्या परीक्षेबद्दल ऐकलं आणि ती पद्धत जणू आपल्यासाठीच कुणी शोधली, असं वाटून ती शाळेत घेऊन आल्या. दर शनिवारी पेपर. पहिला अर्धा तास प्रत्येकीने एकटीने सोडवायचा आणि देऊन टाकायचा. मग चौघी-चौघींनी एका टेबलाभोवती बसून तोच पेपर पुन्हा सोडवायचा. या वेळी उत्तरपत्रिका एकच. एकटीच्या पेपरला साठ गुण, चौघींच्या पेपरला चाळीस, आणि ते चाळीस चौघींना सारखेच. "वॉर्डात एकटीची हुशारी रुग्णाला लागू पडत नाही," त्या सांगायच्या. "शेजारणीला काय माहीत आहे, ते आधी विचारायला शिका."

त्यात एक भर त्यांची स्वतःची होती. उत्तर ठरलं की चौघींनी त्या पर्यायावर आपापलं बोट ठेवायचं. चौथं बोट टेकल्याशिवाय पेन टेकवायचा नाही. शाळेत ही रीत इतकी रुळली, की मेसमध्ये संध्याकाळी टॅपिओकाचा कंद उकडायचा की चपात्या करायच्या, हेसुद्धा मुली टेबलावर बोटं ठेवून ठरवायच्या.

तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या गटात जिन्सी, शाहिना, विजिता आणि पोन्मणी होत्या. जिन्सी हुशार, तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारखी. शाहिना तिची सावली. विजिता जिकडे दोघी तिकडे. पोन्मणी वरच्या चहामळ्यातली, पानं खुडणाऱ्या आईबापांची मुलगी. घरची भाषा तमिळ. मल्याळम तिला सगळं यायचं, पण बोलायला लागली की हेल तमिळचा निघायचा आणि पहिल्या बाकावर हसू फुटायचं. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण दोन वर्षांत तिची वाक्यं आखूड होत गेली आणि तिसऱ्या वर्षी ती नुसती मान हलवायला लागली.

त्या शनिवारी टीचर पाठीमागे हात बांधून टेबलांमधून फिरत होत्या. मध्ये बोलायचं नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम. अकरावा प्रश्न पक्षाघाताच्या रुग्णाचा होता. पाण्याचे तीन चमचे दिले, रुग्ण खोकला नाही, पण त्याचा आवाज बदलला. आता काय कराल?

"खोकला नाही ना? मग नीट गिळलंय," जिन्सी म्हणाली. "तोंडाने सुरू करा. उपाशी ठेवलंत तर नातेवाईक आपल्यालाच गिळतील."

"माझी उम्मा तर सलाईन चालू असताना बिर्याणी भरवेल," शाहिना आईच्या आठवणीने हसत म्हणाली.

"पोन्मणी, तुझं काय?" जिन्सीने विचारलं.

"आवाज..." पोन्मणी म्हणाली.

"आवाज तर तुझाच सापडत नाही, आधी तो शोध!"

चौघी हसल्या. पोन्मणीसुद्धा. जिन्सीचं बोट टेकलं, मग शाहिनाचं, मग विजिताचं. चौथं बोट जरासं अधांतरी राहिलं आणि अलगद खाली आलं. टीचर पुढच्या टेबलाकडे वळल्या. या गटाचं त्यांना कौतुक होतं. कधी तंटा नाही, कधी रुसवा नाही.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्या पेपर तपासायला बसल्या. एकट्या-एकट्यांचे पेपर आणि गटांचे पेपर त्यांनी नेहमी वेगवेगळे तपासले होते. त्या दिवशी मात्र सालम्माने मासळी साफ करायला टेबलाची एक बाजू मागितली, म्हणून दोन्ही गठ्ठे एकावर एक आले आणि पोन्मणीचा कागद तिच्या गटाच्या कागदाशेजारी पडला. अकराव्याला पोन्मणीने लिहिलं होतं: थांबवावे, नळीनेच द्यावे, डॉक्टरांना कळवावे. बरोबर. गटाचं चूक. चौदाव्याला पुन्हा तेच. सातव्यालाही.

त्यांनी घरचं कपाट उघडून वर्षभराचे पेपर काढले. तपासता तपासता मासळी शिजली, जेवणं झाली, सालम्माने दोनदा हाक मारली. एकोणीस वेळा पोन्मणीचं एकटीचं उत्तर बरोबर होतं आणि गटाचं चूक. एकोणीस वेळा तिने चुकीच्या उत्तरावर बोट ठेवलं होतं. गटाचे गुण तरी सगळ्यांत जास्त, कारण बाकीचं जिन्सी सांभाळून नेत होती.

महिन्यापूर्वीच त्यांनी प्रिन्सिपल सिस्टरना अहवाल दिला होता. त्यातलं एक वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं होतं. *वर्षभरात एकाही गटात वाद झाला नाही.* आता ते आठवलं आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. अबोला मोडायला म्हणून आणलेली गोष्ट. आणि तिच्यात एक मुलगी वर्षभर मूग गिळून बसली होती.

सोमवारी सकाळी त्यांनी पोन्मणीला बोलावून घेतलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दुसरा पेला कुणाचा हे आधीच ठरलेलं होतं. पोन्मणी दाराशी आली, "मी काय केलं, टीचर?" म्हणाली. टीचरनी पेला तिच्या हातात दिला, एक वाक्य बोलल्या आणि घरून आणून ठेवलेला गठ्ठा घ्यायला स्टाफरूमच्या कपाटाकडे वळल्या. गठ्ठा उजव्या हातात आला, पण हाताने तो धरला नाही. कागद जमिनीवर पसरले. ते उचलायला त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पोन्मणीची किंकाळी पूर्ण इमारतीने ऐकली. ती तमिळमध्ये होती.

खाली कोट्टयमच्या मोठ्या हॉस्पिटलात त्यांना काही दिवस ठेवलं आणि मग परत आणलं, त्यांच्याच हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर. उजवी बाजू गेली होती. नाकातून नळी होती. बोललेलं सगळं कळत होतं. वाचा मात्र एका शब्दापुरती उरली होती. "हो."

पाणी हवं का, हो. दुखतंय का, हो. नाही म्हणायचं असायचं, तेव्हाही तोंडातून हो. आतमध्ये 'नाही' अगदी ओठांपर्यंत यायचं आणि दाराबाहेर पडताना दुसरंच कुणीतरी निघायचं. मान हलवायची म्हटली तर तीही कशी हलेल याचा भरवसा नव्हता. भेटायला येणारी माणसं खूश होऊन जायची. टीचर सगळ्याला हो म्हणतात, म्हणजे सुधारणा आहे.

सालम्मा रोज डब्यात पेज घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची.

"चेची, नळीने कसलं पोट भरतंय?" ती म्हणायची. नणंदेला ती ताई या अर्थाने चेचीच म्हणायची. "आमच्याकडे आजारी माणूस पेज प्यायला लागला की समजायचं, बरा झाला. यांना कुणी सांगावं!" आणि मग वॉर्डच्या सिस्टरला गाठून सांगायचीच.

वॉर्डची सिस्टर लिल्लीकुट्टी. टीचरची पहिल्या तुकडीतली विद्यार्थिनी. मेंदूचे डॉक्टर सोमवारी यायचे आणि तो गुरुवार होता. तिसऱ्या वर्षाचा दुसरा गट त्या आठवड्यात याच वॉर्डात होता.

"गिळण्याची तपासणी तुम्हीच करा गं," लिल्लीकुट्टी म्हणाली. तिच्याकडे नवीन तीन रुग्ण आले होते. "टीचरच्या हाताखालच्या मुली तुम्ही. चौघींचं एकमत झालं की मला सांगा, मी सही करते."

चौघी खाटेभोवती उभ्या राहिल्या. पाठ ताठ बसवली, उशी लावली, हनुवटी जराशी खाली. सगळं अगदी शिकवलं तसं. पेन्नम्मा टीचरना त्या अवस्थेतही बरं वाटलं. जिन्सीने चमचा धरायच्या आधी दोनदा हात धुतले.

पहिला चमचा. दुसरा. तिसरा.

"खोकला नाही," शाहिना म्हणाली.

"टीचर, काही तरी बोला," जिन्सी म्हणाली. "ठीक आहे ना?"

"हो," टीचर म्हणाल्या.

आणि त्यांनी स्वतःचा आवाज ऐकला. आवाज पाण्याखालून आल्यासारखा, बुडबुड्यांचा. घशात काही टोचलं नव्हतं, ठसका लागला नव्हता. पण तो आवाज त्यांनी सव्वीस वर्षं शिकवला होता. पाणी जिकडे जायचं तिकडे न जाता श्वासनलिकेकडे गेलं होतं.

"बघ! गिळलं," जिन्सीचे डोळे भरून आले. "सालम्माचेची, गिळलं त्यांनी."

"देवा तुझी कृपा," सालम्मा म्हणाली आणि डब्याचं झाकण फिरवायला लागली.

टीचरनी डावा हात उचलला आणि चमचा दूर लोटला. हात नीट गेला नाही. चमचा जिन्सीच्या मनगटावर आपटला.

"अजून हवंय त्यांना," विजिता म्हणाली.

"थांबा गं, आधी कागद."

जिन्सीने तक्ता पुढे धरला. त्यावर दोन चौकटी होत्या. एकीत तोंडाने द्यावे, दुसरीत नळीनेच द्यावे. टीचरना वाटलं, आपलंच बोट ठेवावं. या खेळात त्यांनी आजवर बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी दोन्ही चौकटींकडे पाहिलं. अक्षरं ओळखीची वाटत होती, पण चेहरा आठवावा आणि नाव आठवू नये अशा जुन्या विद्यार्थिनींसारखी. कुठली चौकट कुठली, ते त्यांना कळेना. डावं बोट हवेतच राहिलं आणि पांघरुणावर पडलं.

जिन्सीचं बोट टेकलं. शाहिनाचं. विजिताचं.

"पोन्मणी?"

पोन्मणी वाकून टीचरच्या तोंडाजवळ कान नेऊन उभी होती. "आवाज," ती म्हणाली.

या वेळी कुणी हसलं नाही. "आवाज आला ना," जिन्सी मऊपणे म्हणाली. "हो म्हणाल्या त्या. तूही ऐकलंस."

"ऐकलं. पण आवाज... ओला आहे."

"दहा दिवस घसा वापरलेला नाही गं त्यांनी. खोकल्या का? नाही ना?"

"त्या शनिवारी मी..." पोन्मणी थांबली. त्या शनिवारचे पेपर परत मिळालेच नव्हते. जमिनीवरून भराभर गोळा करून, न पाहताच तिने ते कपाटात ठेवले होते आणि किल्ली टीचरच्या पर्समध्ये होती. अकराव्या प्रश्नाचं बरोबर उत्तर कुठलं, हे त्या वॉर्डात एकाच बाईला माहीत होतं.

"झालं का गं?" पलीकडून लिल्लीकुट्टीने हाक मारली. सालम्माने वाटीत पेज ओतली होती. वाफ दिसत होती.

पोन्मणीने टीचरकडे पाहिलं. तसं पाहणं टीचर पुरत्या ओळखून होत्या. उंबऱ्यावर उभं राहून, आत येऊ का, असं विचारणारं. थोडासा धक्का मिळाला असता तर ती मुलगी बोलली असती. टीचरनी सगळा जीव गोळा केला. 'नाही' जिभेच्या टोकावर आणलं, दातांमध्ये धरलं, आणि सोडलं.

"हो," त्या म्हणाल्या.

पोन्मणीच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. तिने मान हलवली आणि आपलं बोट बाकीच्या तिघींच्या बोटांशेजारी टेकवलं.

नळी निघाली आणि तीन दिवस सालम्माने पेज भरवली. पहिल्या दिवशी चार चमचे, दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, तिसऱ्या दिवशी मुगाचं पाणीसुद्धा. प्रत्येक घासाला टीचर तोंड मिटून घ्यायच्या. मग सालम्मा लाडाने म्हणायची, "चेची, माझ्यासाठी एवढा एक, हो ना?" त्यांच्या तोंडून हो निघायचं, तोंड उघडायचं आणि चमचा आत जायचा. सालम्माचा आनंद त्यांना दिसत होता. तिचा राग करावा असं काही त्यांना तिच्यात सापडलं नाही.

रविवारी ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली. सोमवारी डॉक्टर आले, तपासलं, नळी पुन्हा घातली आणि तोंडाने द्यायचं कुणी ठरवलं, असं विचारलं.

"चौघींचं एकमत होतं," लिल्लीकुट्टी म्हणाली.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. चौघींची नावं, खाली सही, सगळं जागच्या जागी. तो त्यांनी परत खाटेला लावला. छातीचा फोटो काढायला सांगितला आणि औषधं लिहून पुढच्या खाटेकडे गेले. जिन्सी बाथरूममध्ये जाऊन इतकी रडली, की शाहिनाला तिची पाठ थोपटत बसावं लागलं.

मंगळवारी दुपारी भेटीच्या वेळेत पोन्मणी एकटी आली. गणवेशात नव्हती. स्टूल ओढून बसली. आधी तिने टीचरची उशी सारखी केली, मग नळीची चिकटपट्टी दाबली, मग करायला काही उरलं नाही.

"टीचर," ती म्हणाली. तमिळ हेल लपवायचं तिने सोडून दिलं होतं. "माझं उत्तर वेगळं होतं."

"हो," टीचर म्हणाल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांना म्हणायचं होतं तेच तोंडातून आलं, आणि ते ओळखायचा काही मार्ग त्या मुलीपाशी नव्हता.

"अकराव्याचं बरोबर काय होतं? थांबवायचं होतं ना?"

"हो."

"की तोंडाने द्यायचं होतं?"

"हो."

पोन्मणीने दोन्ही हात मांडीत घेतले. छातीतली घरघर दोघींना ऐकू येत होती. त्या घरघरीला पुस्तकात काय नाव आहे, ते दोघींनाही माहीत होतं. टीचरनी डावा हात सरकवत सरकवत पांघरुणाच्या काठापर्यंत नेला. पोन्मणीने तो पाहिला आणि त्यांना थंडी वाजतेय असं वाटून उचलून पांघरुणाखाली घातला.

"त्या सोमवारी तुम्ही मला कशाला बोलावलं होतं?" ती म्हणाली. "रोज विचार करते. रागावणार होता का?"

या वेळी टीचरनी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर काय बाहेर पडेल, ते त्यांना माहीत होतं. त्यांचं मन त्या सोमवारच्या सकाळपाशी जाऊन थांबलं. कपाटात एकोणीस उत्तरं होती, सांगायचं इतकं होतं, आणि तोंडात सगळे शब्द शाबूत होते. दार उघडं होतं, मुलगी उंबऱ्यावर उभी होती, आणि त्यांनी तिच्या हातात गरम पेला देऊन म्हटलं होतं,

"आधी चहा पी, मोळे. बोलायला काय, अख्खा दिवस पडलाय."